कमरेचे पाऊण किलो

बप्पांच्या बातमीत विशेषण नसे. अपघात झाला तर तो भीषण नसे, पाऊस पडला तर तो दमदार नसे, माणूस गेला तर तो मनमिळाऊ नसे. काय झाले, कुठे झाले, कोणाचे झाले, एवढेच. गेल्या वर्षी ते स्वतः गेले तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी मी लिहिली. अकरा ओळी झाल्या. वाशी तालुक्याचे वार्ताहर, सत्तावीस वर्षे काम, अल्प आजार, राहत्या घरी निधन, पश्चात पत्नी आणि विवाहित मुलगी. एका जागी ‘ज्येष्ठ’ असा शब्द पडला होता. तो बप्पांनी खोडला असता.

त्या बातमीत पिस्तुलाचा उल्लेख नव्हता, आणि असायचे कारणही नव्हते. पण त्यांच्याकडे पिस्तूल होते, आठ महिने. त्या आठ महिन्यांत बप्पा मला जितके कळले तितके आधीच्या बारा वर्षांत कळले नव्हते. म्हणून हे वेगळे लिहितो आहे.

मी आमच्या दैनिकाच्या धाराशिव कार्यालयात जिल्ह्यातल्या तालुक्यांचे पान लावत असे. बप्पांचे खरे नाव रामलिंग. पण वाशीत त्यांना त्या नावाने ओळखणारे दोघेच, पोस्टमन आणि तहसील कार्यालय. बसस्थानकाशेजारी त्यांची पेपरची एजन्सी होती. सोबत वह्या, पेन, अर्जाचे कोरे कागद. काउंटरच्या आतल्या बाजूला एक लोखंडी खुर्ची होती. ती गिऱ्हाइकासाठी नव्हती, काही सांगायला आलेल्या माणसासाठी होती. आलेल्या माणसाला बप्पा आधी तांब्या देत. ‘पाणी प्या आधी. बातमी कुठं पळून जात न्हाय.’ मग स्वतःचा चष्मा काढून काउंटरवर ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचे धड दिसत नसे. मी एकदा विचारले तर म्हणाले, ‘त्याला वाटलं पाहिजे की हे म्हातारं मला बघंना, नुसतं ऐकायलंय. मग माणूस बोलतो.’

समोर माणूस असताना त्यांनी कधी काही टिपून घेतले नाही. तो गेला की लिहीत. मृताचे वय दोन माणसांना विचारत, आणि दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्याला.

एकदा वीज पडून एका शेतकऱ्याचा बैल दगावला. बप्पांनी पाठवलेल्या बातमीत बैलाचे नाव होते, सर्जा. मी ते कापले. दुसऱ्या दिवशी फोन आला.

‘भाऊ, सर्जा कुठं गेला?’

‘जागा नव्हती बप्पा.’

‘चार अक्षरं बी न्हाईत त्यात. मालकाचं नाव ठिवलं की तुमी. त्याला कुठं वीज लागली?’

त्यानंतर मी त्यांच्या बातमीतला बैल कापला नाही.

अशा माणसाकडे पिस्तूल येण्याचे कारण वाळू. नदीकाठच्या एका गावातून टिप्पर भरून वाळू जात होती आणि बप्पा ते लिहीत होते. विशेषणाशिवाय, किती वाजता, कोणत्या पाणंदीने, किती टिप्पर. एका संध्याकाळी त्या गावाहून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची मोपेड अडवली. कानाखाली मारली, मोबाईल घेतला आणि रस्त्याकडेच्या विहिरीत टाकला. बप्पा घरी आले आणि दुसऱ्याचा फोन घेऊन त्यांनी मला बातमी सांगितली. चार वाक्ये. ‘वाशी तालुक्यातील एका वार्ताहरास दोघांनी रस्त्यात अडवून मारहाण केली,’ अशी सुरुवात. मी विचारले, वार्ताहराचे नाव? ते म्हणाले, ‘म्याच की. पण नाव नका घालू. बातमीत बातमी देणारा नसावा.’ मी नाव घातले. त्यावरून ते आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

त्यांच्या पत्नीचे, मालनकाकूंचे, तेव्हापासून बिनसले. बप्पा गावाबाहेर गेले की काकू संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत. मोपेडचा आवाज ओळखू आला की आत येऊन तव्याखाली जाळ करत. तोवर स्वतः काही खात नसत. झोपही गेली. त्यांचे भाऊ फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी सुचवले की परवाना काढा. बप्पा हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी जेवणच सोडले, तेही आदळआपट न करता. ताट वाढून बप्पांसमोर ठेवायच्या आणि बाजूला बसून राहायच्या. तिसऱ्या दिवशी बप्पांनी अर्ज भरला. परवाना यायला वर्षापेक्षा जास्त काळ गेला. तेवढ्या काळात वाळू थांबली नव्हती आणि बप्पांचे लिहिणेही.

हत्यार हाताळायचे प्रशिक्षण सक्तीचे असते. ते त्यांनी घेतले. समोर माणसाच्या आकाराचा पुठ्ठा होता. बप्पांच्या सगळ्या गोळ्या पुठ्ठ्याच्या पायाखाली, मातीत गेल्या. शिकवणारा जमादार म्हणाला, ‘बप्पा, नेम कुठं धरायलाव?’

‘मातीतच धरलाय.’

‘आन् उद्या कुणी अंगावर आला तर?’

‘तर त्यो बी मातीकडं बघंल की. तेवढ्यात म्या मोपेड चालू करतो.’

जमादाराने हसत प्रमाणपत्रावर सही केली.

पिस्तूल आले ते उन्हाळ्यात, सोलापूरच्या दुकानातून, मेव्हण्यांनी निवडलेले. बत्तीस बोअरचे, आखूड, कमरेला दिसणार नाही असे. पोलीस ठाण्यात नोंद करून बप्पा घरी आले आणि त्या दुपारी त्यांनी मला फोन केला. इतक्या वर्षांची सवय. नवी गोष्ट पाहिली की ती कुठेतरी कळवली पाहिजे.

‘भाऊ, हातात घेतलं की वाटतं, एवढंसंच हाय. कमरंला लावलं की वाटतं, बापरे. आन् गार लागतंय. एवढ्या उन्हाळ्यात बी गार.’

‘वजन किती आहे?’ मी विचारले. विचारायला काही हवे म्हणून.

‘थांबा, सांगतो.’

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. शेजारच्या खव्याच्या दुकानातल्या काट्यावर त्यांनी ते डब्यासकट ठेवले होते आणि नंतर रिकामा डबा वजा केला होता. पाऊण किलोला थोडे कमी. ‘पाऊण किलो लिवा,’ ते म्हणाले, जणू मी ते छापणार होतो. मागून खवेवाल्याचा आवाज आला, ‘बप्पा, येवढ्या खव्यात लेकीचं बाळंतपण व्हतंय!’

पहिल्या आठवड्यातच अडचणी सुरू झाल्या. बप्पा सडपातळ होते आणि शर्ट नेहमी पँटीत खोचलेला. पाऊण किलोने पँट उजव्या बाजूला खाली ओढली जाई. पट्टा आवळला तर पोटाला काच पडे. मोपेडवर बसले की मूठ बरगडीत टोचे. शर्ट बाहेर काढून पाहिला, तर वाऱ्याने उडून सगळे उघडे. शेवटी मेव्हण्यांनी बिनबाह्यांचे जाकीट शिवून आणले. भर उन्हाळ्यात बप्पा जाकीट घालून दुकानात बसू लागले. पहिल्याच दिवशी चहावाल्याने विचारले, ‘बप्पा, कोणत्या वॉर्डातनं?’ दुसऱ्याने विचारले, ‘तिकीट मिळालं का अपक्ष?’ बप्पा सगळ्यांना एकच उत्तर देत, ‘जनतेचा आग्रह हाय.’

ही थट्टा पंधरा दिवस चालली. मग जाकिटाखाली काय आहे हे सगळ्यांना कळले आणि थट्टा थांबली. बप्पा मला म्हणाले की थट्टा थांबल्याचे त्यांच्या लक्षात आधी आले, कारण नंतर.

बप्पा कळंबला नेहमी काळ्या-पिवळ्या जीपने जात. मोपेड एवढ्या लांब ओढत नसे. त्या जीपमध्ये मागे दहा माणसे बसतात. कोणाचा गुडघा कोणाच्या मांडीत, कोणाची पिशवी कोणाच्या पायावर. बप्पांच्या निम्म्या बातम्या त्या गर्दीतून येत. एक दिवस ते चढले तेव्हा शेजारचा माणूस सरकला. पलीकडचाही सरकला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी राहिली. पुढच्या खेपेला ड्रायव्हरच म्हणाला, ‘बप्पा, तुमी इकडं म्होरं बसा. ऐसपैस.’ बप्पा पुढे बसले. कळंबपर्यंत कोणी काही बोलले नाही.

मग दशरथचे झाले. दशरथ नदीकाठच्या त्या गावचा म्हातारा, म्हशी राखणारा. दर बाजारी येऊन लोखंडी खुर्चीवर बसायचा आणि आठवड्याचे सगळे सांगून जायचा. त्या बाजारी तो आला, बसला. बप्पांनी तांब्या दिला, चष्मा काढला. दशरथ पाणी प्यायला. बप्पा तांब्या घ्यायला वाकले तेव्हा जाकीट वर सरकले. दशरथने पाहिले.

‘काय म्हणतोस दशरथ?’

‘काय न्हाय. असंच आलतो.’

‘म्हशी बऱ्या हाईत का?’

‘हाईत की.’ तो उठला. दाराशी जाऊन त्याने दोन्ही हात जोडले. इतक्या वर्षांत त्याने बप्पांना कधी हात जोडले नव्हते. तो त्यांना जाताना शिवी देऊन जायचा, प्रेमाने.

चार दिवसांनी दुसऱ्या दैनिकात बातमी आली. त्याच गावात टिप्परखाली पाण्याची पाइपलाइन फुटली होती आणि आठवडाभर निम्म्या गावाला पाणी नव्हते. संपादकांनी मला विचारले, मी बप्पांना फोन केला. माझ्या आवाजात धार होती, हे मी मान्य केले पाहिजे.

‘बप्पा, ही आपल्याकडे कशी नाही?’

‘मला कुणी सांगितलंच न्हाय, भाऊ.’

हे वाक्य त्यांनी तक्रार म्हणून म्हटले नव्हते. बातमी सांगावी तसे सांगितले. पण पुढे ते आपणहून बोलले, आणि बप्पा स्वतःबद्दल बोलत नसत. ‘दशरथ आलता. सांगायलाच आलता. आता कळलं. त्याला वाटलं आसंल, याच्याकडं हत्यार हाय म्हणजे हा बी त्यातलाच झाला. आपल्याकडं हत्यार कुणाकडं असतंय भाऊ? ज्याला लोक भितेत त्याच्याकडं.’

मी म्हणालो, मग घरी ठेवा. त्यांनी तेही करून पाहिले होते. पिस्तूल कपाटात ठेवून निघाले की काकू दारात उभ्या. अडवत नसत, बोलत नसत. मात्र त्या दिवशी चूल पेटत नसे. आणि पिस्तूल कमरेला असले की त्या आता जेवत होत्या, झोपतही होत्या. सहा महिन्यांनी त्यांच्या अंगावर जरा मांस आले होते. मुलगी फोनवर म्हणाली होती की आईचा आवाज सुधारला. बप्पांनी हे सगळे मला क्रमाने सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘तिला झोप लागायली. माझ्याजवळ कुणी बसंना. आता तुमीच सांगा, कशाची बातमी मोठी?’



दसऱ्याला काकूंनी घरातली सगळी हत्यारे पूजेला काढली. त्यांच्या माहेरची आणि सासरचीही रीत तीच. विळे, खुरपी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, बप्पांचे पेन. त्या वर्षी पाटावर मधोमध पिस्तूल ठेवले. बप्पांनी गोळ्या काढून दिल्या. काकूंनी ते फडक्याने पुसले, सगळीकडून तेल लावले, हळदीकुंकू वाहिले, वर झेंडूचे फूल ठेवले. आणि त्यानंतर दर आठवड्याला, बप्पा आंघोळीला गेले की, त्या गोळ्यांची मॅगझिन बाजूला काढून ठेवत आणि पिस्तुलाला तेल चोळत. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. भावाने एवढेच बजावले होते की हत्यार कोरडे ठेवू नका.

थंडीत निवडणुका लागल्या. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मी त्या दिवशी निवडणुकीच्या कामाने वाशीत होतो आणि बप्पांबरोबर ठाण्यात गेलो. सोबत काकूही आल्या होत्या. हत्यार ठाण्यात नीट ठेवतात की नाही हे त्यांना पाहायचे होते. हवालदाराने पिस्तूल हातात घेतले. आत गोळी राहिलेली नाही ना, हे पाहण्यासाठी वरचा भाग मागे ओढावा लागतो. त्याने ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग दुसऱ्या शिपायाने प्रयत्न केला. शेवटी हवालदाराने पिस्तूल खिडकीजवळ नेऊन पाहिले. फटीफटींत पिवळसर, चिकट, राळेसारखा थर घट्ट बसला होता.

‘बप्पा, याला काय लावलंय?’

बप्पांनी माझ्याकडे पाहिले. मागून काकू म्हणाल्या, ‘करडीचं तेल.’

‘करडीचं?’

‘घरच्या करडीचं हाय. घाण्यावरचं. भेसळ न्हाय त्यात.’

हवालदाराने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. ‘काकू, हे दोन महिन्यांपासून बंद आसंल. चापच हलंना. याच्यात आता फक्त भजी तळायची ऱ्हायलीत.’

ठाण्यातले सगळे हसले. बप्पाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकू हसल्या नाहीत. हवालदाराने पावती लिहिली, बप्पांनी सही केली, आम्ही बाहेर पडलो.

घरी काकूंनी चहा केला आणि त्या आमच्यासमोर बसल्या. मग त्यांनी विचारले, ‘म्हंजी दसऱ्यापासनं ते चाललंच नसतं?’

‘न्हाय,’ बप्पा म्हणाले.

‘आन् तुमी त्या गावाला किती वेळा गेलाव?’

बप्पांनी मोजले. ‘नऊ.’

‘नऊ बारी. आन् म्या इथं खुशाल झोपले.’

‘बरं झालं की मग. झोप तरी झाली.’

‘गप बसा.’ त्यांनी पदराने कप पुसला, जो पुसायची गरज नव्हती. ‘मग नऊ बारी तुमाला काय झालं न्हाय, ते कशानं?’

बप्पांनी खांदे उडवले. ‘ते मला काय ठावं. त्यांना वाटलं आसंल, जाऊ द्या म्हातारं.’

‘त्यांना ठाव न्हवतं ते बंद हाय म्हणून,’ मी म्हणालो. मला वाटले होते मी मदत करतो आहे. दोघांनीही माझ्याकडे पाहिले नाही.

काकू उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मग त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ‘दशरथ येत न्हाय आता?’

‘न्हाय.’

‘त्यो शिव्या देणारा?’

‘व्हय.’

‘मला वाटलं, आजारी आसंल.’ त्यांनी ओले हात पुसले. ‘राहू द्या ते ठाण्यातच. उद्यापासनं म्या येते मागं.’

‘कुठं मागं?’

‘गाडीवर. आन् कुठं?’

‘अगं, गाडी मला एकट्याला ओढंना.’

‘तुमचं जाकीट काढा, पाऊण किलो कमी करा. मग ओढंल.’

मला वाटले हे एक-दोन दिवसांचे आहे. ते तसे झाले नाही. निवडणूक संपली, निकाल लागले, ठाण्यातून दोनदा फोन आला की हत्यार घेऊन जा. बप्पा गेले नाहीत. तिसऱ्या फोननंतर त्यांनी परवाना परत करण्याचा अर्ज केला. अर्जात कारण लिहावे लागते. लोक तिथे वय झाले, प्रकृती ठीक नाही, असे लिहितात. बप्पांच्या अर्जाची प्रत मी पाहिली आहे. कारणाच्या जागी एकच ओळ आहे: ‘प्रवासात पत्नी सोबत असते.’ लिपिकाने विचारले म्हणे, हे कसले कारण? बप्पांनी त्याला सांगितले, ‘खरं हाय का न्हाय तेवढं तपासा. बाकी तुमचं काम न्हाय.’

लोकांना हे पचायला महिना लागला. पहिल्यांदा जीपमध्ये जागा भरल्या. मग खुर्चीवर कोणीतरी बसले. दशरथ सर्वांत शेवटी आला, आणि आला तो दुकानात नव्हे, घरी, थेट चुलीपाशी काकूंकडे. बप्पांना त्याने पहिला महिनाभर शिवी दिली नाही. एक दिवस दिली. बप्पांनी मला फोन करून ती शब्दशः सांगितली. ती इथे लिहिता येत नाही.

काकूंच्या सोबतीने बप्पांच्या बातम्या बदलल्या. आधी त्यांच्यात पाणंद, टिप्पर, वेळ असे. आता बाया असत. कोणत्या गल्लीत हंडे किती लांबून येतात, अंगणवाडीचे कुलूप कोणाकडे असते, कोणाची नात शाळा सोडून ऊसतोडीला गेली. मी विचारले, हे कुठून आणता? ते म्हणाले, ‘म्या पारावर बसतो. ती आत जाते. आतलं खरं असतंय.’ मारणारे दोघे पुन्हा भेटले का, हेही विचारले. एकदा भेटले होते. त्यांनी मोटारसायकल हळू केली, बप्पांच्या मागे बसलेल्या काकूंना पाहिले आणि पुढे गेले. काकू ओरडून म्हणाल्या होत्या, ‘कुणाचा रं तू?’ एवढेच. त्याला उत्तर आले नाही. काकूंनी मात्र दोन दिवसांत शोधून काढले, कुणाचा.

मी बप्पांना शेवटचे पाहिले ते येरमाळ्याला, हायवेवर, दुपारी चारच्या सुमारास. मी बससाठी उभा होतो. रस्त्यापलीकडे एका झाडाखाली मोपेड लावलेली होती आणि बप्पा एकटेच तिच्याजवळ उभे होते, वाट पाहत. काकू थोड्या अंतरावर दोन बायांशी बोलत होत्या. बोलणे लांबले होते. बप्पांनी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले, पण हाक मारली नाही. शेवटी काकू आल्या.

‘काय म्हणाली?’ बप्पांनी विचारले. रस्ता अरुंद नव्हता, पण त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

‘सांगते. निघा आधी.’

काकू मागे बसल्या. मोपेड हायवेच्या कडेने निघाली आणि काकूंनी पुढे वाकून त्यांच्या कानाशी सांगायला सुरुवात केली. बप्पांनी मान थोडी मागे केली. आधीच कमी असलेला वेग आणखी कमी झाला. मागून एक भरलेला टिप्पर आला, त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बप्पांनी हात बाजूला काढून त्याला पुढे जायची खूण केली, आणि ऐकत राहिले.